रिपोर्टमध्ये ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे ॲलर्जी आहेच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मुलगा नऊ वर्षांचा. आम्ही नागपूरला बेसा भागातल्या एका नव्या लेआउटमध्ये राहतो. दरवर्षी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये तो सकाळी सलग शिंकतो, डोळे चोळतो, रात्री खोकतो. वांग्याची भाजी खाल्ली की तोंडात खाज येते म्हणतो. बाळ असताना अंगावर कोरडे, खाजरे चट्टे होते. रक्ताची ॲलर्जी टेस्ट केली. गवत आणि गाजर गवत खूप जास्त, घरातली धूळ बऱ्यापैकी, आणि गहू, हरभरा, तूर, शेंगदाणा, टोमॅटो, संत्रं, वांगं थोडं थोडं पॉझिटिव्ह आलं. चार महिन्यांपासून हे सगळं बंद आहे. कफ होतो म्हणून दूधही बंद केलं. वजन दोन किलोनं उतरलं, शिंका मात्र तशाच. यातलं खरं कारण कोणतं? धाकटी सात महिन्यांची आहे, तिला शेंगदाणा द्यावा की नाही? आणि ट्रिगर कसा शोधायचा याबद्दल संशोधन काय सांगतं?”

ताई, दूध आजच सुरू करा. ते तुमच्या रिपोर्टमध्येही पॉझिटिव्ह नाही, आणि दुधाने कफ वाढतो ही समजूत तपासून पाहणाऱ्या अभ्यासांत टिकलेली नाही. दूध लाळेत मिसळलं की घशाशी थोडा दाटपणा जाणवतो, त्यालाच आपण कफ समजतो. बाकीचं जरा सविस्तर सांगतो. असा कागद हातात घेऊन येणारे आईवडील मला जवळजवळ दर आठवड्याला भेटतात, आणि त्या कागदामुळे रिकामं झालेलं मुलाचं ताट पाहून मला सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही वाईट वाटतं.

ही तपासणी रक्तातल्या आयजीई नावाच्या अँटिबॉडी मोजते. त्या सापडल्या कशा, ती गोष्ट तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडते. १९२१ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊ शहरात दोन डॉक्टर होते. हाइन्झ क्युस्टनर यांना मासे चालत नसत, तेही शिजवलेले. कच्च्या माशाने त्यांना काही होत नसे. कार्ल प्राउस्निट्झ यांना गवताच्या परागांचा त्रास होता. क्युस्टनर यांच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. म्हणजे ॲलर्जी करणारं काहीतरी रक्तात असतं आणि ते दुसऱ्याच्या कातडीत जाऊन बसू शकतं, हे कळलं. त्या ‘काहीतरी’चा छडा लागायला पुढे पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दाम्पत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेन्निश यांनी वेगवेगळ्या वाटांनी तो पदार्थ शोधला, आणि १९६८ मध्ये त्याचं आयजीई हे नाव ठरलं.

आता मुद्दा असा, की प्राउस्निट्झ यांच्या कातडीत माशाविरुद्धचं आयजीई होतं आणि टोचल्यावर गांधही उठली, पण त्यांना माशाची ॲलर्जी नव्हती. आयजीई असणं म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख असणं. ओळख वेगळी आणि वैर वेगळं. रक्ताचा रिपोर्ट ओळख दाखवतो. वैर आहे की नाही ते मुलाच्या पोटात, नाकात, कातडीवर दिसतं, आणि ते बघायला मशीन नव्हे, आई लागते.

हा फरक आपल्याकडे किती मोठा आहे, त्याचे आकडे उपलब्ध आहेत. अन्नाच्या ॲलर्जीवरच्या युरोप्रिव्हॉल नावाच्या मोठ्या युरोपीय प्रकल्पाचा भारतातला भाग बेंगळुरू आणि म्हैसूरला झाला, निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या प्रौढांपैकी २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास आणि तपासणीतही दुजोरा, असे ‘बहुधा खरी ॲलर्जी’ असलेले लोक निघाले १.२ टक्के. म्हणजे कागदावर पॉझिटिव्ह आलेल्या वीस-बावीस जणांत एखादाच खरा रुग्ण. उरलेल्यांना कागद दाखवून जेवण बंद करायला सांगितलं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

इतके लोक पॉझिटिव्ह का येतात? उत्तर बहुतेक वेळा परागांमध्ये दडलेलं असतं, आणि तुमच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये ते स्पष्ट दिसतंय. वनस्पतींच्या पेशींमध्ये प्रोफिलिन नावाचं एक प्रथिन असतं. गवताच्या परागात असतं, गव्हात, शेंगदाण्यात, टोमॅटोत आणि संत्र्यातही असतं, आणि सगळीकडे त्याची घडण जवळपास सारखी. शिवाय वनस्पतींच्या प्रथिनांना काही विशिष्ट साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात, त्याही सारख्याच. गवताच्या परागांविरुद्ध मुलाच्या शरीराने आयजीई तयार केलं की तेच आयजीई टेस्टमधल्या गव्हाला, तुरीला, संत्र्यालाही थोडं थोडं चिकटतं. मशीन ते चिकटणं मोजून ‘पॉझिटिव्ह’ छापतं. साखरेच्या साखळ्यांना चिकटलेल्या आयजीईने तर प्रत्यक्ष त्रास जवळजवळ होतच नाही. गवताचा आकडा खूप मोठा आणि सात-आठ वनस्पतिजन्य पदार्थ किरकोळ पॉझिटिव्ह, हा नमुना पाहिला की मी पहिल्यांदा हाच विचार करतो: हे सगळं गवताचं प्रतिबिंब आहे.

शेंगदाण्याच्या बाबतीत याच्याही पुढे जाता येतं. त्यातली प्रथिनं सुटी करून तपासता येतात. आरा-एच-टू या साठवणीच्या प्रथिनाविरुद्ध आयजीई असेल तर प्रकरण गंभीर घ्यायचं. नुसतं प्रोफिलिनविरुद्ध असेल तर बहुतेक मुलं शेंगदाण्याची चिक्की खाऊन हिंडत असतात. तुमचा मुलगा चार महिन्यांपूर्वीपर्यंत साबुदाण्याची खिचडी आणि कूट घातलेल्या भाज्या खात होता, तक्रार नव्हती. ही माहिती मला त्या पानभर आकड्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते.

काही ठिकाणी आयजीजी नावाच्या वेगळ्याच अँटिबॉडी मोजून शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ यादी देतात. त्या तपासणीवर पैसे घालवू नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आलात याची नोंद. ॲलर्जीच्या निदानासाठी ती वापरू नये, असं युरोपच्या आणि अमेरिकेच्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितलेलं आहे.

आता वांगं. आपल्याकडे रोडग्याच्या जेवणाला वांग्याची भाजी हवीच, त्यामुळे हा प्रश्न मला फार जण विचारतात. “डॉक्टर, वांगं खाल्लं का घसा खाजवते, पण सोडवत नाही.” म्हैसूरच्या संशोधकांनी ७४१ जणांना तपासून हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. ९.२ टक्के लोकांना वांग्याने काही ना काही होत होतं, आणि आयजीईमुळे होणारी खरी ॲलर्जी होती फक्त ०.८ टक्के लोकांना. बाकीच्यांना खाज खरीच येते, ते खोटं बोलत नाहीत. पण वांग्यात मुळातच हिस्टामिनसारखी द्रव्यं असतात आणि ती तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीला झोंबतात. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा सामील नसते. तुमच्या मुलाला फक्त तोंडात खाज येते, अंगावर गांधी नाहीत, उलटी नाही, दम नाही. वांगं त्याला आवडत नसेल तर देऊ नका, त्याने कुणाचं पोषण अडत नाही. मात्र त्याच्या नावापुढे ‘ॲलर्जी’ असं शाळेच्या फॉर्मवर लिहू नका.

सावजी रस्सा खाताना नाक वाहतं, तीही ॲलर्जी नव्हे. तिखटातलं कॅप्सेसिन नाकातल्या मज्जातंतूंना चेतवतं, तेवढंच. लाखोळीच्या डाळीने पाय लुळे पडण्याचा जो आजार आपल्या भागाला ठाऊक आहे तो विषाचा परिणाम, ॲलर्जीचा नाही. दुधाने पोट फुगतं ते बहुतेकदा लॅक्टोज ही दुधातली साखर न पचल्याने. अन्नाने झालेला प्रत्येक त्रास एकाच पोत्यात भरला की उपचार हमखास चुकतात.

याचा अर्थ अन्नाची ॲलर्जी आपल्याकडे नसतेच असा मात्र काढू नका. ती कमी आहे, पण असते तेव्हा जिवाशी येऊ शकते. हरभऱ्याची ॲलर्जी पाश्चात्त्य पुस्तकांत फारशी दिसत नाही. मुंबईच्या संशोधकांनी २००१ मध्ये ती भारतीय उपखंडातली महत्त्वाची ॲलर्जी म्हणून मांडली. आपण तर बेसन सकाळच्या पोह्यांवरच्या तर्रीसोबतच्या भज्यांपासून रात्रीच्या झुणक्यापर्यंत खातो. तीळ आणि जवस हे दोन पदार्थही मी नेमाने विचारतो, कारण संक्रांतीचा तिळगूळ आणि वऱ्हाडी जवसाची चटणी या गोष्टी रुग्ण सांगताना विसरतो. पाकिटावरच्या लेबलचा भरवसा इथे पुरत नाही. २०२० च्या भारतीय लेबलिंग नियमांत ग्लुटेनयुक्त धान्यं, कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा इशारा छापणं बंधनकारक आहे. हरभरा आणि तीळ त्या यादीत नाहीत. अमेरिकेने जानेवारी २०२३ पासून तिळाचा समावेश केला. आपणही हरभऱ्याबाबत तो विचार करायला हवा असं माझं ठाम मत आहे.

खरी अन्नॲलर्जी ओळखायची खूण म्हणजे वेळ. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत त्रास सुरू होतो, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा होतो. अंगभर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, वारंवार उलट्या, आवाज बसणं, धाप, चक्कर यांपैकी दोन गोष्टी एकदम दिसल्या तर वाट पाहू नये. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार, वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. गोळी आणि सलाईन नंतर. १०८ ला फोन करा, किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन ‘ॲनाफिलॅक्सिस’, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, हा शब्द उच्चारा.

कधी कधी ट्रिगर, म्हणजे त्रास सुरू करणारी गोष्ट, एकटा येत नाही, जोडीने येतो. पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. मैदानावर धावताना दोनदा अंगभर गांधी उठून कोसळला होता. हृदयाच्या तपासण्या ठीक, आणि पोळी तर तो रोज खायचा. नीट विचारल्यावर कळलं, दोन्ही दिवशी तो पोळीभाजी खाऊन तासाभरात धावला होता. इतर दिवशी उपाशीपोटी. गव्हातल्या ओमेगा-फाइव्ह ग्लायडिन या प्रथिनाची ही ॲलर्जी व्यायामाची जोड मिळाल्यावरच उफाळते. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीनेही ती उफाळू शकते. नुसतं रक्त तपासून हे सापडलं नसतं. तारीख, वेळ आणि त्या दिवशीचा क्रम विचारल्यावर सापडलं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, म्हणजे हवेकडे. मुलाच्या शिंकांचं कॅलेंडर बघा: पोळा ते दिवाळी, मग फेब्रुवारी-मार्च. गहू आणि तूर तो बारा महिने खातो. वर्षातून ठरावीक दोनदा येणारा त्रास ज्याच्यामुळे होतो ती गोष्टही वर्षातून ठरावीक दोनदाच यायला हवी. इतकं साधं गणित आहे, आणि घाईच्या ओपीडीत नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

हे गणित पहिल्यांदा स्वतःवर करून पाहणारा माणूस म्हणजे मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली. त्यांना दर उन्हाळ्यात शिंका आणि डोळ्यांना पाणी. त्यांनी वेगवेगळ्या वनस्पतींचे पराग नाकात घालून पाहिले, हातावर ओरखडा काढून त्यावर पराग चोळले, आणि चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून वर हवेत किती पराग असतात तेही मोजलं. १८७३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आज आम्ही हातावर जी स्किन प्रिक टेस्ट करतो तिचं मूळ त्या ओरखड्यात आहे. पतंगाच्या जागी आता हर्स्ट यांनी १९५२ मध्ये बनवलेल्या यंत्राची घडण वापरतात: मिनिटाला दहा लिटर हवा ओढायची, म्हणजे साधारण माणसाच्या श्वासाइतकी, आणि हळू फिरणाऱ्या चिकट पट्टीवर पराग पकडायचे. आपल्या राज्यात औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतल्या पराग-बीजाणूंच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यांच्या नावाचा ‘टिळक एअर सॅम्पलर’ त्यासाठीच बनला.

कोणत्या झाडाला दोष द्यायचा याचा नियम १९३१ मध्ये ऑगस्ट थॉमेन यांनी घालून दिला आणि तो अजून चालतो. पराग वाऱ्यावर उडणारे, हलके आणि भरपूर हवेत, वनस्पती सगळीकडे असायला हवी, आणि परागात ॲलर्जी करणारं प्रथिन हवं. या कसोटीवर डोळ्यात भरणारी फुलं बहुतेक निर्दोष ठरतात. शिमग्याच्या सुमारास पळस लालभडक होतो आणि त्याच दिवसांत लोक शिंकतात, म्हणून बिचारा पळस बदनाम. त्याचे पराग जड, चिकट. पक्षी आणि कीटक नेतात. गुलमोहराचंही तेच. खरा संशयित त्याच दिवसांत जवळच उभा असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही: वावळ, काही जण त्याला पापडा म्हणतात. पानं गळून गेलेली, फांद्यांवर बारीक हिरवट-तांबूस फुलोरा, आणि वाऱ्यासरशी परागांची धूळ. उत्तर आणि मध्य भारतातल्या अभ्यासांत वावळ हा महत्त्वाचा ॲलर्जीकारक म्हणून वारंवार समोर आला आहे. तुमच्या मुलाच्या फेब्रुवारी-मार्चच्या शिंकांसाठी मी आधी वावळ तपासेन. तुमच्या रक्ताच्या पॅनेलमध्ये तो बहुधा नव्हताच. अशी पॅनेलं अनेकदा बर्च आणि रॅगवीडसारख्या परदेशी वनस्पतींभोवती बेतलेली असतात. बर्च नागपुरात नाही, वावळ आहे.

पोळ्यानंतरचा काळ गवताचा आणि तणांचा. पाऊस ओसरतो, ऊन पडतं, हरळी आणि कुसळी फुलोऱ्यावर येतात, काटेमाठ आणि गाजर गवत माजतं. तुम्ही नव्या लेआउटमध्ये राहता म्हणजे आजूबाजूला रिकामे प्लॉट असणार, आणि बांधकाम न झालेला प्लॉट म्हणजे दोन पावसाळ्यांत गाजर गवताचं शेत. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात त्याची नोंद झाली, आयात धान्यासोबत ते पसरलं असं मानतात. लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. ते दोन वेगळ्या वाटांनी त्रास देतं. पराग नाकात गेले की शिंका. आणि त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य कातडीला लागलं की चेहरा, पापण्या, मान, कोपराची खाच इथे खाजरा, जाड होत जाणारा इसब. दुसऱ्या प्रकारात आयजीई नसतं, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस वर्षानुवर्षं मलमं बदलत राहतो. त्यासाठी पाठीवर पॅच टेस्ट करावी लागते. प्लॉटवरचं गवत मुलाला उपटायला लावू नका. मोठ्यांनी फुलं येण्याआधी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच, हातमोजे घालून मुळासकट काढावं. फुलोऱ्यात आल्यावर कापलं तर पराग आणि बिया दोन्ही पसरतात. शेजारच्या चार घरांनी मिळून हे केलं तर औषधाच्या बाटलीइतकाच उपयोग होतो, मी तो प्रत्यक्ष पाहिला आहे.

याच दिवसांत विदर्भात आणखी एक गोष्ट घडते: सोयाबीनची काढणी. थ्रेशरची धूळ, कळमन्याच्या बाजारात उतरणारी पोती, रस्त्यावरून उघड्या धावणाऱ्या गाड्या. बार्सिलोना शहरात १९८१ पासून काही ठरावीक दिवशी एकदम दम्याचे रुग्ण इस्पितळांत लोटायचे, अशा २६ घटना मोजल्या गेल्या. कुणी कारखान्यांना दोष दिला, कुणी हवामानाला. १९८९ मध्ये जोसेप आंतो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे दिवस म्हणजे बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवण्याचे दिवस. दाण्याच्या सालीतली प्रथिनं धुळीसोबत शहरावर पसरत होती. कोठारांना फिल्टर बसवले आणि साथी थांबल्या. मला हा अभ्यास फार प्रिय आहे, कारण रुग्णांच्या तारखा आणि जहाजांच्या तारखा शेजारी ठेवल्या तेव्हा उत्तर सापडलं. आणि यातली खास गोष्ट अशी, की ती माणसं सोयाबीन खाऊ शकत होती. श्वासातून गेलेली धूळ त्यांना बाधत होती. ऑक्टोबरमध्ये गावी शेतावर जाणार असाल तर मळणीच्या वेळी मुलाला लांब ठेवा, मास्क घाला.

दिवाळीची साफसफाई हे वेगळंच प्रकरण आहे. माळ्यावरच्या गाद्या, रजया, पुस्तकं एकदम झटकली जातात आणि धुळीतल्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांची विष्ठा घरभर उडते. तुमच्या रिपोर्टमध्ये धूळ ‘बऱ्यापैकी’ आहे, आणि रात्रीचा खोकला तिकडेच बोट दाखवतो. मुलाची उशी-गादी घट्ट विणीच्या कव्हरमध्ये घाला, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा, साफसफाईच्या दिवशी त्याला आत्याकडे पाठवा. माइटना ओलावा लागतो. नागपूरचा कोरडा उन्हाळा खरं तर त्यांना मारक, पण आपण कूलर लावतो. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या कोरड्या भागात कूलर असलेल्या घरांत माइटचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. कूलर बंद करा असं मी नागपूरकराला कसं सांगू, ४५ अंशांत? पण मार्चमध्ये मागच्या वर्षीची वुड वूलची ताटी बदलल्याशिवाय कूलर सुरू करू नका, आणि त्या पहिल्या दिवशी मुलगा खोलीत नको. सुकलेल्या ताटीत बुरशीचे बीजाणू भरलेले असतात. पावसाळ्यात उघडं राहिलेलं मैदा-बेसनही टाकून द्या. पिठात माइट वाढतात आणि ते पोटात गेल्यावर गंभीर प्रतिक्रिया आल्याची उदाहरणं जगभर नोंदली आहेत. अशा वेळी दोष गव्हावर येतो आणि खरा गुन्हेगार डब्यात राहतो.

बंद केलेलं अन्न परत कसं आणायचं, इथे मात्र सावध राहा. गहू, तूर, टोमॅटो, संत्रं हे तो नऊ वर्षं बिनतक्रार खात होता. आजपासून एकेक करून सुरू करा, दोन-दोन दिवसांच्या अंतराने. संत्र्याचा आंबिया बहार बाजारात असताना नागपूरच्या मुलाने संत्रं खाऊ नये ही मला शिक्षाच वाटते. शेंगदाणा आणि हरभरा हे दोन घरी सुरू करू नका, दवाखान्यात माझ्यासमोर देऊ. ज्यांना लहानपणी एक्झिमा, म्हणजे तुमच्या मुलासारखे कोरडे, खाजरे चट्टे, होता अशा मुलांत, सहज पचणारा पदार्थ काही महिने तोडला आणि पुन्हा दिला तर क्वचित खरी, जोरदार ॲलर्जी उभी राहिल्याची उदाहरणं आहेत. रोज खाण्याने जी सहनशीलता टिकते ती तोडल्याने मोडू शकते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही स्किन टेस्टवर उठलेल्या गांधी बघून लांबलचक याद्या लिहून दिल्या आहेत. तेव्हा तसं शिकवलंही जात होतं, पण त्या मुलांची गेलेली वर्षं मला आठवतात. दवाखान्यातली चाचणी सोपी असते: अगदी कणभर मात्रेपासून सुरुवात, दर वीस-तीस मिनिटांनी वाढवत नेहमीच्या घासापर्यंत, शेजारी ॲड्रिनॅलिन भरून तयार. अन्नॲलर्जीच्या निदानात याहून पक्की कसोटी नाही.

धाकटीला शेंगदाणा द्या. २०१५ मध्ये लंडनहून गिडियन लॅक यांच्या गटाने ६४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळी बाळं एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे जास्त धोक्याची. निम्म्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नेमाने दिला, निम्म्यांना पाच वर्षं टाळायला सांगितलं. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. या अभ्यासाची कल्पना एका साध्या निरीक्षणातून आली होती: इस्रायलमध्ये बाळं शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खातात, आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांपेक्षा तिथल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट कमी. तिचं उष्टावण झालंच असेल, तर बारीक कूट पेजेत किंवा वरणभातात पातळ कालवून, आठवड्यातून दोन-तीनदा. अख्खा दाणा मुळीच नको, घशात अडकतो. तिच्या अंगावरही दादासारखे चट्टे असतील तर आधी दाखवून जा, आणि अशा फुटलेल्या कातडीवर बेसनाचं उटणं किंवा शेंगदाण्याचं तेल चोळू नका. पोटातून गेलेलं अन्न शरीराला ओळखीचं होतं, फुटलेल्या कातडीतून गेलेलं परकं ठरतं, असं गेल्या वीस वर्षांचं संशोधन सांगतं.

मुलाच्या नाकासाठी मी बहुधा ऋतू सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधीपासून स्टिरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे देईन. नाव ऐकून घाबरू नका, मात्रा अत्यल्प असते. रात्रीच्या खोकल्यासाठी फुप्फुसांची तपासणी करायलाच हवी, तो दमा असू शकतो. इम्युनोथेरपीचा, म्हणजे परागांच्या लशीचा, विचार त्यानंतर. ती १९११ पासून, लिओनार्ड नून यांच्या गवताच्या अर्कापासून चालत आली आहे आणि नीट निवडलेल्या रुग्णाला तीन ते पाच वर्षांत टिकाऊ फायदा देते. नीट निवडलेला म्हणजे टेस्ट आणि ऋतू जुळलेला. पंधरा परागांचं मिश्रण एका बाटलीत भरून कुणी देत असेल तर घेऊ नका.

येण्याआधी एवढं करा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक खूण: शिंका किती, खोकला होता का, कुठे गेला होता, वारं होतं की पाऊस. जेवणात नवीन काही असेल तर त्याची वेळ आणि त्रास झाला तर त्याची वेळ. घराच्या आसपासचं झाड किंवा तण फुललं तर त्याची फांदी कागदात दाबून आणा, मी ओळखून सांगेन. सेटिरिझिन किंवा तसली ॲलर्जीची गोळी स्किन टेस्टच्या सात दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर गांध उठणारच नाही. दम्याचा पंप चालू असेल तर तो मात्र एक दिवसही थांबवू नका. आणि सकाळी त्याला भरपेट पोळी-दूध खाऊ घालून आणा.